पाच ते सहा

"त्यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रात्री, झोपताना," मेस्त्री म्हणाले. "दहा वाजले असतील."

"आणि सापडल्या कधी?"

"सहाला. स्वयंपाकघरात. ओट्यापाशी पडलेली होती."

"म्हणजे उठून कामाला लागल्या होत्या. पडल्या कधी, काही अंदाज? धप्प झालं, भांडं पडलं, असं काही ऐकलंत का? नीट आठवा हं काका, वेळ फार महत्त्वाची आहे."

डॉक्टरीणबाई मेस्त्रींच्या लेकीच्या वयाच्या होत्या. हातातल्या कागदावर वेळेसाठी एक चौकट होती आणि पेनाचं टोक त्या चौकटीवर टेकलेलं होतं. पलीकडे पडद्याआड मेस्त्रींची बायको स्ट्रेचरवर होती. तिचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि उजवा हात लोंबत होता.

"नाही," मेस्त्री म्हणाले. "काही नाही ऐकलं."

त्यांचा आवाज चढला नाही की अडखळला नाही. तेवीस वर्षांच्या साधनेने माणूस इतका सुधारतो की खोटंसुद्धा शांतपणे बोलतो.

कारण त्यांनी ऐकलं होतं. आणि ऐकण्याच्या बाबतीत या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता. मेस्त्री कपडे शिवायच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायचे. एका हॉलमध्ये एकशे चाळीस मशीन एकदम खडखडत असायची, आणि त्या गदारोळात ते दारातूनच सांगायचे, "तिसरी ओळ, खिडकीकडून दुसरी. सुई वाकलीय." जाऊन बघावं तर सुई वाकलेलीच असायची. शिवणाऱ्या बाया म्हणायच्या, "मेस्त्रींच्या कानाला डोळे आहेत." त्या कानांनी त्या दिवशी पहाटे तीन आवाज ऐकले. आधी झाकण पडून गोल गोल फिरत थांबलं. मग काहीतरी जड आणि मऊ असं जमिनीवर आपटलं. तसा आवाज कुठलंही भांडं करत नाही. आणि मग फरशीवर टाच घासल्याचा आवाज आला. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा.

मेस्त्री आतल्या खोलीत डोळे मिटून बसले होते. त्यांना शिकवलं होतं की आवाज आला तर आला म्हणायचं, गेला तर गेला म्हणायचं आणि जिथे होतो तिथे परत यायचं. ते उजव्या गुडघ्याशी होते. डोक्यापासून सुरुवात करून एकेका अवयवावरून लक्ष खाली उतरवत न्यायचं, पावलांपर्यंत पोचून परत वर यायचं, असा त्यांचा क्रम होता. इतक्या वर्षांत तो अंगात असा मुरला होता की उजवा गुडघा म्हणजे पाच वीस, त्यात मिनिटाचाही फरक पडत नसे. आवाज आला, आवाज गेला. मेस्त्री गुडघ्यावर परतले. मग पोटरी, घोटा, टाच, बोटं. सहा वाजता शेवटी हात जोडून त्यांनी रोजच्यासारखं जगातल्या सगळ्या जिवांचं भलं चिंतलं आणि मग ते चहा झाला का बघायला स्वयंपाकघरात आले.

आता या माणसाला दगड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तेवीस वर्षांपूर्वीचे मेस्त्री ज्यांनी पाहिलेत, ते असं म्हणणार नाहीत. तेव्हा कारखान्यात त्यांना 'भडकू' म्हणत. राग नेहमी नाकाच्या शेंड्यावर. एकदा पाना फेकला तो सुपरवायझरच्या कानाजवळून गेला आणि भिंतीचा पोपडा काढून पडला. घरी तर बोलायलाच नको. ताटं उडायची, दारं आपटायची. बायकोही काही कमी नव्हती, ठणकावून भांडायची. पण एकदा ते ओरडले तेव्हा सहा वर्षांची लेक टेबलाखाली जाऊन बसली आणि तिथेच तिला भीतीने लघवी झाली. बायकोने फरशी पुसली, पोरीचे कपडे बदलले आणि शांतपणे म्हणाली, "अहो, एक तर हे डोकं कुठेतरी जाऊन थंड करून या, नाहीतर मी हिला घेऊन चालले."

गावाबाहेर योग आणि ध्यान शिकवणारं एक केंद्र होतं. मेस्त्री दहा दिवस तिथे जाऊन राहिले. परत आले ते बसायची सवय घेऊन. आधी वीस मिनिटं, मग अर्धा तास, मग रोज पहाटे पाच ते सहा आणि रविवारी सलग दोन तास. संध्याकाळी आसनं. वर्षभरात ताटं उडायची थांबली. दोन वर्षांत आवाज खाली आला. पाठदुखी गेली, सिगारेट सुटली, आणि लेक त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून अभ्यास करू लागली. हे सगळं खरं होतं, आणि मेस्त्रींना त्याची किंमत माहीत होती.

त्यापेक्षा जास्त माहीत होती ती बायकोला. पाच ते सहा या तासावर तिने डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. दूधवाल्याला तिने सहानंतर यायला लावलं. फोनची वायर काढून ठेवायची. ओट्यावर जाड फडकं अंथरून त्यावर भांडी ठेवायची, म्हणजे वाजू नयेत. घरात अनवाणी चालायची. तिचा भाऊ एकदा राहायला आला होता तेव्हा चिडवून म्हणाला, "ताई, तुझ्या घरात पाच ते सहा मरायचीसुद्धा सोय नाही गं!"

"आहे की," ती म्हणाली. "फक्त आवाज न करता."

सगळे खूप हसले होते. मेस्त्रीही हसले होते.

पावणेआठला डोक्याचा फोटो आला. तोवर लेक धापा टाकत पोचली होती. डॉक्टरीणबाईंनी दोघांना बाजूला घेतलं.

"रक्तस्राव नाही, गुठळी आहे. त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत असलं तर ती विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. पुष्कळांना त्याने फरक पडतो. पण वेळच माहीत नाही, त्यामुळे मला रात्रीचे दहाच धरावे लागतात. अंदाजाने दिलं आणि उशीर झालेला असला, तर डोक्यात रक्तस्राव होऊन जिवावर बेतेल. काही आठवलं तर लगेच सांगा."

मेस्त्रींनी मनात हिशेब केला. पाच वीस आणि साडेचार तास, म्हणजे नऊ पन्नास. समोरच्या घड्याळात आठला दहा कमी होते. दोन तास हातात होते.

"बाबांना कसं कळणार?" लेक म्हणाली. "ते तेव्हा बसलेले असतात. डोक्यावर आभाळ कोसळलं तरी त्यांना ऐकू यायचं नाही." या परिस्थितीतही तिच्या बोलण्यात अभिमान होता. तिने मेस्त्रींचा हात घट्ट धरला. "बरं आहे तुम्ही असे शांत आहात ते. मी तर पार गळून गेलेय."

मेस्त्रींनी तोंड उघडलं. पण काय म्हणणार? तुझी आई पडली ते मी ऐकलं, आणि मी माझी पोटरी बघत बसलो? जीभ टाळूला चिकटली. छातीत काहीतरी उकळलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. कितीतरी वर्षांत अंगात अशी आग उठली नव्हती. ते घाबरले. त्या आगीत कोण राहतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाना फेकणारा तो माणूस या पोरीसमोर त्यांना पुन्हा उभा करायचा नव्हता.

म्हणून त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं. बाकावर ताठ बसले, तळहात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. यात लबाडी नव्हती, हे सांगितलं पाहिजे. त्यांना सांगायचंच होतं. सांगता येईल इतकं शांत व्हायचं होतं, एवढंच. दोन मिनिटं, फार तर पाच.

नर्स सहीसाठी कागद घेऊन आली, तर लेक म्हणाली, "बाबा बसलेत, मी करते." मामा आला, त्याने खांद्यावर ठेवायला हात पुढे केला, तर तिने ओठांवर बोट ठेवलं. आईने जे तेवीस वर्षं केलं ते लेकीने त्या बाकाजवळ उभं राहून मन लावून केलं. आणि मेस्त्रींच्या आत लाज आली, छातीवर बसली, हळूहळू पातळ झाली. आग निवली. जीभ सैल झाली. गुडघा आला आणि गेला. आजवर कधी लागलं नसेल असं त्यांचं ध्यान लागलं.

डोळे उघडले तेव्हा मन धुतल्यासारखं लख्ख होतं. भीती नाही, संकोच नाही. ते उठले, सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि स्पष्ट म्हणाले, "मी मघाशी खोटं बोललो. ती पडल्याचं मी ऐकलं होतं. पाच वाजून वीस मिनिटांनी. अगदी नक्की."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आठ वाजता का नाही सांगितलंत?"

"तेव्हा सांगता येत नव्हतं. मी स्वतःला तयार करत होतो."

"आता नाही देता येणार, काका." त्यांनी कागद मिटला. पुढे काही बोलणार होत्या, पण दुसऱ्या पेशंटसाठी हाक आली आणि त्या गेल्या.

मेस्त्री वळले तर मागे लेक उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती ओरडेल म्हणून ते वाट बघत राहिले. तिने ओरडावं, छातीवर बुक्क्या माराव्यात, काहीतरी फेकून मारावं असं त्यांना फार वाटत होतं. पण तीही त्यांच्याच घरात वाढली होती. ओरडणं या घरातून कधीच हद्दपार झालं होतं.

"मी टेबलाखाली बसायचे ना, बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "तेव्हा आई तुम्हाला हाका मारायची. भांडायची, कडाकडा बोलायची, पण हाक मारायची. 'अहो, इकडे या आधी!' अशी. मग ते बंदच झालं. मला वाटायचं, घरात सुख आलं." एवढं बोलून ती पडद्यामागे आईजवळ गेली. मेस्त्री तिथेच उभे राहिले.

बाविसाव्या दिवशी बायको घरी आली. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. समजत सगळं होतं, निदान डॉक्टरांचं तसं म्हणणं होतं. मेस्त्रींनी कारखाना सोडला. तिला पुसणं, कूस बदलणं, चमच्याने भरवणं हे सगळं ते स्वतः करू लागले, आणि चांगलं करायचे. लेक रविवारी यायची, आईचे केस विंचरायची आणि जाताना दाराशी म्हणायची, "येते." त्याच्यापुढे 'बाबा' लागत नसे.

केंद्रातून गुरुजींचा फोन आला. "इतक्या वर्षांची पुण्याई अशाच वेळी कामाला येते बघा. बसणं सोडू नका." मेस्त्री "हो" म्हणाले. पण बसणं केव्हाच सुटलं होतं. निश्चय करून सोडलं असंही नाही. डोळे मिटले की ते गुडघ्यापर्यंत पोचायचे आणि तिथे टाच घासायची. पुढे जाताच यायचं नाही.

त्यांनी बायकोच्या डाव्या हाताशी एक स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला होता. "काही लागलं की वाजव. मी कुठेही असेन, धावत येईन." तिने ऐकून घेतलं. दुपारी ते कपडे वाळत घालून आले तर चादर ओली झाली होती आणि ती छताकडे बघत पडली होती. वाटी वाजली नव्हती.

"अगं, वाजवायचं ना!" ते म्हणाले. तिचा हात हातात घेऊन त्यांनी चमचा वाटीवर आपटून दाखवला. "असं. जोरात. फोडून टाक वाटी, पण वाजव."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने चमचा उचलला आणि वाटीला जराही लागणार नाही असा अलगद बाजूला ठेवला. मेस्त्रींना रडू फुटलं. ते तिथेच ओली चादर हातात धरून हुंदके देत रडले. बायको त्यांच्याकडे नवलाने बघत होती. तिने त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी आपलं अंथरूण तिच्या पलंगाशेजारी खाली आणलं. पडून पडून तिच्या छातीत कफ साचला होता, खोकल्याने ती हैराण व्हायची. मेस्त्री उठून पाठीवर थोपटायचे, पाणी द्यायचे. एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली. पाच वाजले की खोकला थांबायचा. त्यांना वाटलं, पहाटे तिला झोप लागत असेल. बरंच झालं म्हणून ते निपचित पडून राहायचे.

मग एके दिवशी त्यांना तिचा श्वास नीट ऐकू आला. तो झोपलेल्या माणसाचा नव्हता. ते उठून बसले. ती टक्क जागी होती. नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती, डावा हात तोंडावर गच्च दाबलेला होता आणि खांदे आतल्या आत गदगद हलत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"अगं, मी बसलो नाहीये," मेस्त्री म्हणाले. "हा बघ, जागा आहे मी. आता बसतच नाही मी. खोकून घे गं. खोक."

तिने मान हलवली नाही. त्यांनी तिचा हात तोंडावरून काढायचा प्रयत्न केला, तर त्या एकट्या उरलेल्या हातात भलतीच ताकद होती. तिने घड्याळावरची नजर काढली नाही. मेस्त्री पलंगाच्या कडेला टेकले आणि तेही घड्याळाकडे बघू लागले. सहा वाजायला अजून बराच वेळ होता.