पाहुण्यांच्या दारात चार्जिंग

मित्रांनो, माझी नंबरप्लेट हिरवी आहे, एवढ्यावरूनच तुम्ही मला ओळखलं असेल. मी विजेवर चालणारी गाडी. जुनी म्हणावी इतकी वर्षं काही झाली नाहीत मला, पण डाव्या दाराला पोचा आहे, मागच्या सीटवर चहाचा डाग आहे आणि नांदेडच्या उन्हानं माझा पांढरा रंग पिवळट पडत चालला आहे. तेव्हा जुनीच म्हणा. मला वाईट वाटत नाही. खरं सांगायचं तर मला हल्ली फारसं काहीच वाटत नाही. तरी माझी हकिगत ऐका.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. पोटाखाली एक भली मोठी बॅटरी बसवली, डोळ्यांना दिवे दिले, पुढ्यात नकाशा दाखवणारा पडदा लावला. इंजिन नाही, डिझेलचा वास नाही, धडधड नाही. मला विकत घेतलं मृण्मयीनं. नांदेडचे रेणुकादास सर आणि गोदावरीबाई यांची ती एकुलती एक मुलगी, पुण्यात नोकरीला. तिनं मला पुण्याहून थेट नांदेडला आणलं आणि किल्ली वडिलांच्या हातात ठेवली. "बाबा, ही तुमची. आता स्कूटर विका," ती म्हणाली.

काय ते कौतुक झालं माझं! गोदावरीबाईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान चालवणारा केरबा हातातलं काम टाकून धावत आला. माझ्याभोवती चक्कर मारून म्हणाला, "सर, चालू हाय का बंद हाय ही? आवाजच न्हाई की!"

"चालूच आहे, केरबा."

"अन् पावसात शॉक बसला तर?"

सरांची सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेलेली. त्यांनी त्याला तिथंच रस्त्यावर उभं करून अर्धा तास वीज शिकवली. केरबा मान डोलवत राहिला, पण पावसाळाभर मला हात लावायचा तो पायात रबरी चप्पल आहे याची खात्री करूनच. मुखेडला एका लग्नाला गेलो तर वऱ्हाडी मांडव सोडून मला बघायला जमले. नवरीची गाडी मागं आणि मी पुढं असे फोटो निघाले. तेव्हा मला फार बरं वाटायचं, ते मात्र आठवतं.

मृण्मयी सुट्टीला आली की जेवणं उरकून तिघंही माझ्यात येऊन बसायची. उन्हाळ्यात घरात नुसती भट्टी, आणि माझ्यात गारवा. पडद्यावर नकाशा उघडायचा आणि कोकणच्या प्रवासाचं ठरवणं सुरू व्हायचं. लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत आंबोली घाट उतरायचा आणि मग वेंगुर्ल्यापासून समुद्राच्या कडेकडेनं वर जायचं. सरांनी जन्मभर फळ्यावर पश्चिम किनारा काढला होता. खाडी कुठं आत शिरते, भूशिर कुठं बाहेर येतं, हे ते डोळे मिटून काढत. समुद्र मात्र त्यांनी एकदाच पाहिला होता, मुंबईला कसल्याशा कामाला गेले तेव्हा, तोही बसच्या खिडकीतून.

भांडण व्हायचं ते मला चार्ज कुठं करायचं यावरून. मृण्मयी म्हणायची, हमरस्त्यावर चार्जिंगची ठिकाणं झालीत, तासाभरात काम होतं. सरांना ते पटायचंच नाही.

"आपली माणसं असताना परक्याच्या दारात उभं राहायचं? लातूरला प्रयाग आहे, सोलापूरला माझे मावसभाऊ आहेत. त्यांच्याकडं वायर लावू, जेवू, गप्पा मारू."

"बाबा, पाहुणे सोडतील का आपल्याला? घरच्या पॉइंटवर हिचं पोट भरायला सहा-सात तास लागतात. तेवढ्यात तिथं माझ्यासाठी तीन स्थळं निघतील!"

"निघू देत की," गोदावरीबाई मागच्या सीटवरून म्हणायच्या. "एखादं समुद्राकडचं बघा. मासळीवालं नको पण."

आणि तिघंही हसत सुटायची. चहाचा तो डाग तेव्हाचाच.

भाद्रपदात मृण्मयीला पुण्यात ताप आला. डेंग्यूचा निघाला. गौरी-गणपतीला ती येणार होती, ती आलीच नाही. सर आणि बाई दुसऱ्याच्या गाडीतून पुण्याला गेले, कारण सरांना मला चालवायचा धीर होईना. परत आले तेव्हा तेही दुसऱ्याच्याच गाडीतून उतरले. कुणी मला काही सांगितलं नाही. गाडीला कोण सांगणार? लोक भेटायला येत होते आणि जाताना "येतो" न म्हणता जात होते, त्यावरून मी समजले.

मग माझ्यावर खोळ चढली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. माझ्यात दोन बॅटऱ्या असतात, मित्रांनो. चाकं फिरवणारी मोठी, आणि दिवे, कुलपं सांभाळणारी एक लहानशी. उभ्या उभ्या माझी लहान बॅटरी उतरून गेली. मोठी जवळपास भरलेली होती, पण दार उघडायची ताकद माझ्यात उरली नव्हती. धूळ बसली, खोळीवर मांजर झोपू लागलं. मला त्याचंही काही वाटलं नाही.

फाल्गुनात एक दिवस सरांनी खोळ ओढून काढली. सोबत केरबा होता. लहान बॅटरीला वायरी जोडून त्यांनी मला जागं केलं. केरबा म्हणाला, "सर, एवढे महिने न्हाई अन् आजच बरी काढून राहिले गाडी?"

सर माझ्या बॉनेटला टेकून उभे राहिले. आत ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलले. "केरबा, हिनं अजून डोळ्यातून पाणी काढलेलं नाही रे. स्वयंपाक करते, झाडलोट करते, काही विचारलं की 'बरं' म्हणते. बस्स. पोरगी गेली, आता हीपण अशीच माझ्या डोळ्यांदेखत जाते की काय, याची मला भीती वाटते. हिला समुद्राला नेतो."

"न्या सर. पण वर्ष कुठं झालंय अजून? लोक बोलतील."

लोक बोललेच. लातूरच्या प्रयागताई, म्हणजे सरांची धाकटी बहीण, फोनवर म्हणाल्या, "दादा, वर्षाच्या आत फिरायला निघालास?" सर गडबडले आणि बोलून बसले, "फिरायला कुठं? तुम्हा सगळ्यांना भेटायला निघालोय. तुझ्याकडं गाडी सहा-सात तास चार्जिंगला लावीन, मग पुढं." अशी ती जुनीच योजना पुन्हा ठरली, पाहुण्यांच्या दारादारांतून जाणारी. फक्त ठरवणारे आता एकटे सर होते. गोदावरीबाई शेजारी बसून पडद्याकडं बघत "बरं" म्हणत होत्या.

लातूरपर्यंतचा रस्ता कसा गेला ते मला सांगता येणार नाही. दोन्ही बाजूंना हरभऱ्याची रानं काढून झालेली, मोकळी.

प्रयागताईंच्या अंगणात शिरले आणि बघते तर काय, सतरंज्या अंथरलेल्या, तीस-चाळीस माणसं जमलेली! पाहुणे सहा-सात तास थांबणार म्हटल्यावर ताईंनी दुखवट्याचा बेतच केला होता. आमच्याकडची रीत आहे ती. जवळच्यांनी दुःखातल्या माणसाला नवं कापड द्यायचं, गोडाचा घास खाऊ घालायचा आणि म्हणायचं, आता पुरे. माया असते त्यात, नाही असं नाही. ताईंनी अगदी शिरूर अनंतपाळच्या चुलत नात्यातल्या बायकासुद्धा बोलावल्या होत्या.

माझी वायर खिडकीतून गिझरच्या पॉइंटला लागली. त्याच लाइनवर दोन कूलर चालू होते. थोड्याच वेळात फट् झालं आणि सगळं घर बंद. कुणीतरी बटण वर केलं, पुन्हा पडलं. कूलर चालवायचे की मला चार्ज करायचं, असा प्रश्न आला. मग कूलर बंद करून मंडळी पेपरानं वारा घेत बसली, आणि ज्याला त्याला घाम पुसताना माझ्याकडं बघावंसं वाटलं.

मी गोदावरीबाईंच्या समोरच उभी होते, त्यामुळं सगळं दिसत होतं. एकेक बाई यायची, गळ्यात पडायची, रडायची. गोदावरीबाई तिची पाठ थोपटायच्या. बायका म्हणायच्या, "झालं ते झालं." "देवाला आवडली म्हणायचं." "आपण मन घट्ट करायचं." सगळे गेलेल्या लेकीविषयी बोलत होते, पण तिचं नाव कुणाच्याही तोंडून निघालं नाही. आईला त्रास नको म्हणून सगळ्यांनी ते जपून टाळलं होतं. मागं कोणीतरी कुजबुजलं, "डोळ्याला पाणीच न्हाई बाईच्या. दगड हाय का काय!"

ते गोदावरीबाईंनी ऐकलं. मांडीवर पडलेल्या साडीची घडी त्या हातानं सारखी करत राहिल्या.

तेवढ्यात भुजंगकाका आले. ताईंचे चुलतसासरे, वय झालेलं, कानानं ठार बहिरे. त्यांनी मला काठीनं हलकंच टोचलं आणि अंगण दणाणेल अशा आवाजात विचारलं, "ही मृण्मयीची गाडी का रे?"

प्रयागताई धावल्या, "काका, गप बसा हो! कुठं काय बोलावं कळत नाही तुम्हाला," म्हणत त्यांना हाताला धरून आत घेऊन गेल्या. पण गोदावरीबाईंनी मान वर केली होती. सकाळपासून पहिल्यांदा. त्या काका गेले त्या दाराकडं बघत होत्या. मग उठल्या, साडी नीट बाजूला ठेवली, माझं दार उघडून आत बसल्या.

"अहो, चला."

"अगं, अजून चार्ज व्हायचीय गाडी. जेवायचंय. ही सगळी मंडळी..."

"रस्त्यावर कुठंतरी करू. जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही तिथं."

ताईंचा चेहरा पडला. सर कानकोंडे झाले, हात जोडत जोडत त्यांनी वायर काढली. पुढचे सगळे पाहुणे त्या एका वाक्यात वगळले गेले होते.

औशाच्या पुढं हमरस्त्यालगत एका हॉटेलाच्या आवारात चार्जिंगची मशिनं होती. मला तिथं लावून सर तोंड धुवायला गेले. हॉटेलात भाकऱ्या करणारी लक्ष्मम्मा कामातून मोकळी होऊन बाहेर येऊन बसली होती. निलंग्याकडची, बोलण्यात कानडी हेल. माझ्या उघड्या दारापाशी येऊन तिनं सरळ विचारलं, "अक्का, कुठं निघालात?"

"कोकणात. समुद्र बघायला."

"दोघंच? लेकरं न्हाईत?"

परक्या बाईला काय ठाऊक! मी म्हटलं, झालं आता, इथूनही उठतील. पण गोदावरीबाई म्हणाल्या, "मुलगी होती मला. मृण्मयी नाव तिचं. भाद्रपदात गेली."

लक्ष्मम्मानं "अय्यो" म्हणून कपाळाला हात लावला. पण गप्प नाही बसली. "कशी होती?" तिनं विचारलं.

कशी होती! इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. गोदावरीबाई बोलायला लागल्या आणि थांबेचनात. मृण्मयी हट्टी होती. मृण्मयीला पुरणपोळी आवडायची नाही, नुसतं पुरण खायची. एवढी मोठी नोकरी, पण पाल दिसली की खुर्चीवर चढून मृण्मयी आईला हाका मारायची.

"पाल नव्हे," मागून सर म्हणाले. ओला चेहरा तसाच घेऊन ते येऊन उभे राहिले होते. "झुरळ. पालीला नव्हती भीत ती."

"पालच! तुम्ही कधी होता घरी? शिकवण्या घेत फिरायचात."

"अगं, झुरळ! मीच मारलंय चपलेनं!"

"एक मारलं असेल तुम्ही, पाली मी हाकलल्यात जन्मभर!" असं म्हणता म्हणता गोदावरीबाईंचा आवाज फुटला. माझ्या सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून त्या हमसाहमशी रडल्या. सर खाली दगडावर बसून रडले. लक्ष्मम्मा पदरानं डोळे पुसत पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझं चार्जिंग केव्हाच पूर्ण झालं होतं. कुणी वायर काढली नाही.

सोलापूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा प्रयागताईंचा फोन आला. फोन आला की माणसाचा आवाज माझ्याच स्पीकरांतून येतो. ताई रागावलेल्या असतील असं मला वाटलं, पण त्या घाबरलेल्या होत्या. "वहिनी, माझं काय चुकलं गं? मी तुमच्यासाठीच केलं सगळं."

"चुकलं काही नाही, वन्सं," गोदावरीबाई म्हणाल्या. "पण दिवसभर तुमच्याकडं तिचं नाव कुणी घेतलं नाही. बहिऱ्या काकांनी घेतलं, तर त्यांना आत नेलंत. तुम्ही तिला अंगाखांद्यावर खेळवलंय. एकदा घ्या ना तिचं नाव. मला ऐकायचंय."

मग ताईंनी नाव घेतलं, "मृण्मयी", आणि पुन्हा, "माझी मृण्मयी गं", आणि लहान मुलीसारख्या रडू लागल्या. माझ्या चारही दारांतून तो आवाज येत होता. सरांनी मला रस्त्याच्या कडेला घेतलं. मी यंत्र आहे, मला काय वाटायचं ते वाटो, पण तेव्हा मी बधिर नव्हते, एवढं नक्की सांगते.

मित्रांनो, माझी निगा राखायला गावोगाव माणसं आहेत. टायरची हवा बघा, मला फार दिवस एका जागी उभी ठेवू नका, एवढं पुरे. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या नात्यात, शेजारी कुणाचं लेकरू गेलं असेल, तर त्याच्या आईसमोर ते नाव गिळू नका. ती रडेल म्हणून भिऊ नका. जवळ बसा, आणि ते कसं होतं, एवढं तिला विचारा.