काळ्या पेटीतला ढोलवाला

मी ढोलवाला बोलतोय. मिरवणुकीतला नव्हे, भिंतीवरच्या काळ्या काचेच्या पेटीत बसणारा. अंगाने अस्वल, रंगाने तपकिरी, पोटाशी पत्र्याचा ढोल आणि पाठीत एक मोटर. बटण दाबलं की डोक्यावरचा दिवा लागतो आणि मी तीन सेकंद जीव तोडून ढोल बडवतो. चौथ्या सेकंदाला अंधार. माझं सगळं आयुष्य असं तीन-तीन सेकंदांच्या तुकड्यांत गेलं आहे. त्यामुळे आज कोणीतरी सलग ऐकून घेतंय याचंच मला अप्रूप आहे.

माझा जन्म खेळण्यांच्या कारखान्यात झाला. डोळे चिकटवायची वेळ आली तेव्हा नेमकी जेवणाची सुट्टी झाली, त्यामुळे माझा डावा डोळा थोडा वर चढला. तेव्हापासून मी कायम कशाचं तरी नवल करत असल्यासारखा दिसतो. दुकानात मुलं मला उचलायची, वाजवायची, आणि त्यांचे बाप म्हणायचे, "ठेव ते खाली. घरात आवाज कमी आहेत का?" सात महिने मी फळीवर धूळ खात होतो. मग करड्या केसांच्या एक बाई आल्या. त्यांनी मला कानाशी धरून तीनदा वाजवलं आणि विचारलं, "याहून मोठ्याने वाजणारं काही आहे का?" दुकानदाराने बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न ऐकला असावा. "नाही हो," तो म्हणाला, आणि विचार बदलायच्या आत त्याने मला त्यांच्या पिशवीत कोंबलं.

त्या होत्या मॅडम. एका कॉलेजात वाचा आणि श्रवण या विषयाच्या विभागप्रमुख. ज्यांना ऐकू येत नाही किंवा बोलताना अडतं, त्यांना मदत करायला शिकवणारा हा विभाग. इथली पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची. त्या दोन वर्षांत हुशार मुली कानाच्या प्लास्टिकच्या प्रतिकृतीशी गप्पा मारायला लागतात, जेवताना एकमेकींचं गिळणं तपासतात आणि बसच्या कंडक्टरला म्हणतात, "काका, तुमचा घसा बसलाय, जरा कमी ओरडत जा." कंडक्टर त्यांना पुढच्या थांब्यावर उतरवतो.

माझी नेमणूक आवाजबंद खोलीत झाली. काम असं: आईच्या मांडीवर तान्हं मूल बसतं. माझ्या पेटीवरच्या स्पीकरमधून आवाज येतो. मूल आवाजाकडे वळलं की बाहेरच्या खोलीतून विद्यार्थिनी बटण दाबते आणि मी बक्षीस म्हणून उजळतो. मग आवाज थोडा कमी, पुन्हा वळणं, पुन्हा मी. असं करत करत मुलाला किती बारीक आवाज ऐकू येतो ते कळतं. ज्या मुलाला 'ऐकू आलं' हे सांगता येत नाही, त्याच्या वतीने मी सांगतो. नोकरी मोठ्या इभ्रतीची आहे.

माझ्या काळ्या काचेची एक गंमत आहे. दिवा बंद असतो तेव्हा मला सगळी खोली दिसते, पण मी कोणाला दिसत नाही. दिवा लागला की सगळे मला बघतात आणि मला काचेत फक्त माझं नवल करणारं थोबाड दिसतं. म्हणजे माझा कार्यक्रम लोकांना कसा वाटला, ते मी आजवर पाहिलेलं नाही.

आता ताईकडे येतो. ही दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. उंचीने लहान, केसांत पेन, आणि जगातल्या प्रत्येक मुलाला ऐकू आलंच पाहिजे असा तिचा हट्ट. तोंडी परीक्षेची तयारी ती माझ्यासमोर करायची. रिकाम्या खोलीत उभी राहून आतल्या कानाचे भाग धडाधड म्हणायची आणि विचारायची, "बरोबर ना रे?" मी नवल करत बघायचो. तिला ते पुरायचं.

कधी रेंज मिळावी म्हणून खोलीचं दार अर्धवट उघडं ठेवून ती घरी फोन करायची, आणि स्पीकरवर तिच्या आईचा आवाज यायचा. "लोकांना बोलायला शिकवायचं म्हणजे दोन वर्षं? तुला कोणी शिकवलं होतं गं? दहाव्या महिन्यात सुरू झालीस ती अजून थांबली नाहीस."

"आई, हे शास्त्र आहे."

"असू दे की. शास्त्रात जेवणाची वेळ नसते का? आवाज बारीक येतोय तुझा."

"दार अर्धवट आहे म्हणून!"

"मग दार लाव आणि जेव."

अशी ताई. मनाने सोनं. पण तिच्या हाताला एक खोड होती, आणि ती या धंद्यातल्या माणसांनाच लागू शकते: ती बटण लवकर दाबायची. मूल स्पीकरकडे वळो, छताकडे बघो, नुसती जांभई देवो, ताईला वाटायचं, ऐकलं त्याने! दाबलं बटण. मी आपला उजळून धडाडधूम. मॅडम ओरडायच्या, "अगं, अस्वल हे बक्षीस आहे, खिरापत नाही! न ऐकता बक्षीस मिळायला लागलं तर मूल ऐकेल कशाला? ते सारखं पेटीकडेच बघत बसेल."

ताई मान हलवायची, आणि दुसऱ्या दिवशी एक बाळ शिंकलं की मी पुन्हा ड्युटीवर.

मग शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस आला. बाहेरून परीक्षक आले होते. उंच, कोरडे, खिशाला शाईचं पेन. अर्ध्या तासात एका मुलाची श्रवणतपासणी करून निकाल सांगायचा, एवढंच काम. मॅडमना मध्ये बोलायला बंदी होती, म्हणून त्या बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात खोकायच्या तयारीने बसल्या होत्या.

मूल होतं चौदा महिन्यांचं. घरी त्याला गुंड्या म्हणत. गाल असे की मान कुठे सुरू होते ते शोधावं लागे. बरोबर आई आणि आजी. आई इतकी हळू बोलायची की ताईला दोनदा पुढे वाकावं लागलं. "मला वाटतं... त्याला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "दार आपटलं तरी झोपेतून उठत नाही."

"काहीतरीच तुझं!" आजी म्हणाली. "ऐकतो हो सगळं. मनात असेल तेव्हाच वळतो, एवढंच. आजोबांवर गेलाय. मी त्या माणसाला चाळीस वर्षं हाका मारतेय, तो वळतो का? पण बशीत काही पडल्याचा आवाज येऊ दे, लगेच हजर."

आई गप्प झाली. तिला घरीही असंच गप्प करत असणार, ते तिच्या गप्प होण्याच्या सरावावरून दिसत होतं.

नियम असा की तपासणीच्या वेळी आत बसणाऱ्या मोठ्या माणसांनी हेडफोन घालायचे. त्यात पाऊस पडल्यासारखी खरखर सुरू असते, म्हणजे त्यांना आवाज कळत नाही आणि ती नकळत मुलाला इशारा देत नाहीत. आईने निमूटपणे घातले. आजी म्हणाली, "कानांवर वाट्या लावून मी बसायची नाही. डोकं धरतं माझं." ताईला दया आली. "राहू दे आजी, नुसत्या शांत बसा."

कोपऱ्यात मॅडम खोकल्या. ताईला वाटलं, मॅडमना सर्दी झाली.

गुंड्या आईच्या मांडीवर. समोर ताईची वर्गमैत्रीण, चष्मेवाली, लाकडी बदक हलवत त्याचं लक्ष पुढे ठेवायला. तिने नजर मुलावरून हलवायची नाही, हाही नियम. तिच्या शेजारच्या खुर्चीत आजी. बाहेरच्या खिडकीतून ताईला आणि परीक्षकांना आजीचा फक्त अंबाडा दिसत होता. तोंड दिसत होतं मला.

पहिला आवाज आला. आजीच्या भुवया वर गेल्या, मान माझ्याकडे वळली, ओठांचा चंबू झाला. गुंड्याने आजीकडे पाहिलं, मग आजी कुठे बघतेय ते पाहिलं, आणि माझ्या पेटीकडे वळला.

ताईने बटण दाबलं. धडाडधूम! गुंड्या खिदळला. आजी त्याच्याहून जास्त खिदळली.

आवाज कमी केला. आजीची मान वळली. मागून गुंड्याची. धडाडधूम. आणखी कमी. आजी, गुंड्या, मी. आम्हा तिघांचा असा काही ताल जमला की बँडपथक काढावं. पुढे आवाज इतका बारीक झाला की डास लाजला असता, तरी आजीला तो ऐकू आला. या वयात असे कान मी पाहिलेले नाहीत. तिची तपासणी अप्रतिम चालली होती. फक्त ती गुंड्याच्या नावावर लिहिली जात होती.

"वीस डेसिबल!" ताईचा आवाज खोलीतल्या स्पीकरवरून आला, ती आनंदाने खुर्चीतून उठली होती. "सर, श्रवण अगदी उत्तम!" परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

मी पेटीत तडफडत होतो. बाई गं, तो ऐकत नाहीये! तो आजीच्या भुवया वाचतोय! पण मी काय बोलणार? माझ्याकडे ढोल आहे, आणि तोही बटणाशिवाय वाजत नाही.

त्या आईने मात्र पाहिलं होतं. मूल तिच्याच मांडीवर. त्याची मान आधी कुणीकडे वळते ते तिला पोटाशी कळत होतं. ती घाबरून कुजबुजली. निदान तिला वाटलं, आपण कुजबुजतोय. पण तिच्या कानांत ती खरखर होती ना! स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस आपोआप मोठ्याने बोलतो. आयुष्यभर हळू बोललेली ती बाई अशी गरजली, की माझ्या काचेला कंप सुटला:

"ताई! याला काही ऐकू येत नाहीये! हा सासूबाईंच्या तोंडाकडे बघून वळतोय!"

चष्मेवालीच्या हातून बदक पडलं. मॅडमचा खोकला एकदम बरा झाला. सासूबाईंनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणाचं तरी बोलणं पूर्ण ऐकून घेतलं असावं.

बाहेर परीक्षकांनी घड्याळात पाहिलं; खोलीतला स्पीकर अजून सुरूच होता. मग परीक्षक म्हणाले, "निकाल लिहून झालाय. तुमच्याकडे अकरा मिनिटं आहेत. हा निकाल ठेवलात तर तुम्ही उत्तीर्ण आहात. खोडलात आणि वेळेत दुसरा आला नाही, तर नाही."

ताईचा चेहरा खिडकीत मला स्पष्ट दिसत होता. केसांतलं पेन तिरकं झालं होतं.

"सर, हा कागद घेऊन ते घरी जातील," ती म्हणाली. "सगळे म्हणतील, बघ, चांगलं ऐकतो. मग तो चार वर्षांचा झाला तरी बोलणार नाही, आणि तेव्हा कोणीतरी त्याला पुन्हा इथे आणेल. खोडा सर."

मग ती आत आली आणि आजीसमोर हेडफोन धरून म्हणाली, "आजी, चूक माझी आहे. पण हे घालायला लागेल."

आजीने अंबाडा सावरून ते घातले.

पुन्हा सुरुवात. आवाज आला. आजी भिंतीकडे बघत बसली. गुंड्या बदकाकडे. आवाज वाढवला. गुंड्याने बदकाची चोच तोंडात घातली. आणखी वाढवला, आणखी. पेटीची काच थरथरायला लागली. गुंड्या शांतपणे चोच चावत होता.

ताईचं बोट बटणावर होतं. मला ते बोट चांगलं ओळखीचं. दाबावंसं त्याला किती वाटत होतं! गुंड्या एकदा छताकडे वळला. बोट बटणावर टेकलं. पण दाबलं नाही.

ती अकरा मिनिटं मी अंधारात बसून होतो. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी कामगिरी ती, आणि तिच्यात मी काहीही केलं नाही.

वेळ संपली. परीक्षकांनी लिहिलं ते मॅडमनी नंतर वाचून दाखवलं: आजीला हेडफोन न घालण्याची चूक गंभीर, पूर्ण निकाल वेळेत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा. आणि खाली वेगळ्या ओळीत: मुलाला तातडीने पुढच्या तपासण्यांना पाठवावे. परीक्षकांच्या शाईत जरा जास्तच ओल असावी, कारण ती ओळ फिसकटली होती.

त्या दिवशी ताईने घरी फोन केला. "आई, नापास झाले."

पलीकडे पातेल्यावर झाकण पडलं. मग, "जेवलीस का?"

तीन महिन्यांनी तेच परीक्षक आले, आणि ताईने मूल निवडलं गुंड्याच. आता त्याच्या दोन्ही कानांमागे भुईमुगाच्या शेंगेएवढी निळी श्रवणयंत्रं होती. आजी आल्या आल्या स्वतःच हेडफोन मागू लागली. "द्या तो वाट्यांचा मुकुट. आणि सूनबाईलाही द्या, तिला मोकळं बोलायचं असेल."

सूनबाई हसली. मोठ्याने हसली, तेही हेडफोन घालायच्या आधी.

आवाज आला. आजी भिंतीकडे. चष्मेवाली मुलाकडे. आणि गुंड्याने चोच तोंडातून काढली, थांबला, कपाळाला आठी घातली, आणि हळूच, एकट्याने, माझ्याकडे वळला.

ताईने एक श्वास जाऊ दिला. मग दाबलं.

मी आयुष्यात असा वाजलो नाही! आणि गुंड्या? तीन महिन्यांपूर्वी मला बघून खिदळणारा गुंड्या? त्याने असा टाहो फोडला की बाहेर परीक्षकांचं पेन सुटलं. आजवर त्याने नुसतं हात हलवणारं अस्वल पाहिलं होतं. ढोल त्याने आज पहिल्यांदा ऐकला.

"बंद करा तो मेला ढोल!" आजी ओरडली. दिवा गेला तेव्हा ती दोन्ही डोळे पुसत होती. आई रडत होती की हसत होती ते मला सांगता येणार नाही; तिने तोंड गुंड्याच्या केसांत खुपसलं होतं.

ताई उत्तीर्ण झाली. आता ती इथेच शिकवते. नव्या मुलींना माझ्यासमोर उभं करून सांगते, "बोट बटणावर ठेवा आणि मुलाकडे बघा. तुम्हाला काय हवंय ते महत्त्वाचं नाही, त्याला काय ऐकू आलं ते महत्त्वाचं." आवाज जरा दबावा म्हणून मॅडमनी माझ्या ढोलावर कापडाची पट्टी चिकटवली आहे. दुसऱ्या विभागात पडद्यावर नाचणारी चित्रं आली आहेत, त्यामुळे माझे दिवस भरत आले हेही मला ठाऊक आहे. माझं एकच मागणं आहे. घरात एखादं मूल वळत नसेल, आणि त्याची आई हळू आवाजात काही सांगत असेल, तर तिचं ऐका. तिच्यावर हेडफोन घालायची वेळ आणू नका.

गुंड्या अजूनही दर तीन महिन्यांनी येतो. आता चालत येतो. दारातून माझी काळी पेटी दिसली की जागीच थांबतो आणि दोन्ही तळव्यांनी आपले कान घट्ट झाकून घेतो. बाकीची सगळी मुलं मला बघून हसतात. पण एवढा मोठा मान मला दुसऱ्या कोणीही दिलेला नाही.