शंभर वर्षांचा केलेला पेटारा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, केवढा जुना पेटारा हा! माझ्या फळ्यांना बारीक भोकं आहेत, कडा झिजल्या आहेत, रंग काळपट आहे. पण मी जुना झालो नाही, मला जुनं केलं. ते करताना एक माणूस गेला. त्याचीच ही हकिगत.

एकोणीसशे शहात्तर साली कामठीच्या छावणीतून लिलावात निघालेली देवदारी खोकी शालिकरामने आणली. तो नागपूरचा सुतार. गांधीबागेमागच्या बोळात त्याची एक खोली होती. तिथेच घर, तिथेच काम. त्याने खोकी उचकटली, फळ्यांना रंधा मारला आणि मला जोडलं. त्याची बायको प्रेमिला तारेच्या ब्रशने मला घासत असे. नरम लाकूड निघून जाई, कडक रेषा वर उठत. मग शालिकराम सायकलच्या चेनने मला मारी, खिळ्याने किडीची भोकं पाडी. मला राग येत नसे, मित्रांनो. प्रत्येक घावानंतर तो अंगठा फिरवून पाही, कुणाला लाकडाची कूस तर लागणार नाही ना!

आता रंग तेवढा राहिला होता. सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, लोखंडी खिळे भिजत घातले होते. ते पाणी लाकडाला सावकाश काळं करतं. पण जुन्या सामानाचे दुकानदार कृष्णकांत शेठ शनिवारी सकाळीच आले.

"गिऱ्हाईक उद्या येऊन राहिलं, शालिकराम. पेटारा तयार पाहिजे."

"उद्या काहून, शेठ? रंग मुराले चार दिवस लागतेत."

शेठनी पिशवीतून जहाल ॲसिडची काचेची बाटली काढली. "मंग हे तेजाब लाव. घंटाभरात शंभर वर्षं! आन दार-खिडकी लावून घे. लोकायले दिसलं तर आपला माल कोन घेईल?"

शालिकरामने बाटली हातात घेतली. नाही म्हणावं, तर पुढचं काम दुसऱ्याकडे जाईल, हे त्याला ठाऊक होतं.

"तू बाहेर बस वं," तो प्रेमिलाला म्हणाला. "घसा जळते यानं."

"मंग तुमचा नाही जळत का?"

तो हसला आणि त्याने दार लावलं.

तेजाबाचा हात फिरताच माझ्या अंगातून तांबूस धूर निघाला. खोलीत हवेला वाट नव्हती. शालिकराम खोकत होता, डोळे पुसत होता, तरी एकही कोपरा त्याने सोडला नाही. बाहेर आल्यावर तो तांब्याभर पाणी प्यायला आणि बरं वाटतंय म्हणाला. संध्याकाळी मात्र धापेने त्याला आडवं होता येईना. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

त्याच दुपारी मी शेठच्या दुकानात, मेण लावून, चकाकत उभा होतो. ते गिऱ्हाईक, गोपाळराव, त्या दिवशी आलेच नाहीत. पंधरा दिवसांनी आले. शेठ त्यांना सांगत होते, "भंडाऱ्याच्या जमीनदार मालगुजाराच्या घरचा आहे, साहेब. शंभर वर्षांचा."

तेवढ्यात प्रेमिला दारात आली. शालिकरामची दुकानात राहिलेली हत्यारं न्यायला आली होती ती. ऐकून थांबली.

"कोनाचा मालगुजार? माह्या नवऱ्यानं बनवला हा. याच्या धुरानंच गेला तो."

गोपाळरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाकून माझ्या झाकणावर बोट घासलं.

"याचा रंग तर सुटणार नाही ना, बाई?"

प्रेमिला जवळ आली. तिने माझ्या कडेवरून तळवा फिरवला.

"नाही सुटत," ती म्हणाली. "त्याचा हात पक्का होता."

गोपाळरावांनी मला नेलं. आज मी त्यांच्या दिवाणखान्यात आहे. मला रोज पुसतात, माझ्यावर फुलदाणी ठेवतात. पाहुण्यांना माझी भंडाऱ्याची गोष्ट सांगतात.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला पुष्कळ जपलं जातं. पण कुठे बंद दारामागे कुणी काम करत असेल आणि त्याचा खोकला ऐकू आला, तर एवढं करा. वस्तू कधी मिळेल, हे नंतर विचारा. आधी दार उघडा.