फितुराचं पान

मोडी वाचणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या घरात डोकावायची खोड लागतेच. मला तर ती जरा जास्तच आहे. कोडोलीचे आकाराम इंगवले नातीला, अनुजाला, घेऊन जुना कागद दाखवायला आले, तेव्हा चहा ठेवायच्या आधी मी चष्मा शोधायला लागले.

"देवघरात टाकांच्या खाली सापडला," अनुजा म्हणाली. "आज्जा उघडूच देत नव्हता."

"भ्या वाटतं की ओ बाई," आकाराम म्हणाले. "उद्या आमच्यात म्हाळ हाय. समद्या वाडवडलांस्नी पान वाढतो. एकट्या फितुराला न्हाय."

इंगवल्यांचं अठराव्या शतकात इवलंसं राज्य होतं. थोरला राजा वारला तेव्हा त्याचा मुलगा पाळण्यात होता, म्हणून धाकट्या भावानं कारभार हाती घेतला. मग एका भाऊबंदानं गादीवर हक्क सांगितला आणि टोपीकरांच्या, म्हणजे इंग्रजांच्या, तोफा आणून गढीला वेढा घातला. धाकट्यानं गढीचं दार आतून उघडून दिलं नि तो परागंदा झाला; तोच हा फितूर. पुढे गादी पाळण्यातल्या पोरालाच मिळाली. आकाराम त्याच पोराच्या वंशातले.

"ल्हानपणी आईला इचारलं हुतं, त्याला भूक लागत नसंल का? थोबाडीत बसली," आकाराम गालाला हात लावत म्हणाले. "आता थोरला मीच. उद्या पान वाढायचं का न्हाय, तेवढं सांगा."

सत्तरीच्या म्हाताऱ्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. मी कागद उलगडला. पत्र धाकट्यानंच वहिनीला लिहिलेलं होतं. मला राहवेना, मी मोठ्यानं वाचत सुटले.

"गढी टोपीकरांस आम्हीच दिल्ही. मोबदला चिरंजीवाचा जीव व गादी मागोन घेतली. हे लोकांस कळल्यास परक्याचे दयेने राजा जाहला म्हणोन पोरास हिणवतील. सबब आम्हांस फितूर म्हणत जावे. आमचे नाव घरात कधीही घेऊ नये."

पुढे सही होती. तिथं मात्र मी थांबले. अडीचशे वर्षं या घरात कुणी न उच्चारलेलं नाव माझ्या जिभेवर आलं होतं, आणि खरं सांगते, ते सांगायला मी उतावीळ झाले होते.

"काय नाव होतं, बाई?" अनुजा पुढे सरकली.

"न्हाय! सांगू नगा." आकारामांनी हात वर केला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही. "त्यानं नगं म्हटलंय."

"मग पान कसं वाढणार, आज्जा? पाणी सोडताना नाव घ्यावं लागतं," अनुजा रडवेली झाली. "इतकं कळूनसुद्धा त्याला उपाशीच ठेवायचं?"

आकारामांनी कागदावर बोट टेकलं.

"बाई, परत एकदा बघा. नाव घिऊ नगा म्हणालाय. पान वाढू नगा असं कुठं लिवलंय?"

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. तसं कुठंच लिहिलं नव्हतं.