साहेब येताहेत, मशीन हलवा

पक्षाने आमचं घर ‘सामान्य घर’ म्हणून निवडलं, तेव्हापासून माझ्या नवऱ्याचे पाय जमिनीवर नव्हते. मोठे साहेब स्वतः येणार, आमच्या खोलीत बसणार, सामान्य माणसाशी बोलणार आणि त्याचा फोटो निघणार. नवऱ्याने आयुष्यभर या पक्षाच्या सतरंज्या उचलल्या. आता वॉर्डाचं अध्यक्षपद तुलाच, असं वरून कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं होतं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी पक्षाच्या कार्यालयातून दोघं पाहणीला आले. एक चष्मेवाला, तो बोलायचा. दुसरा मोबाइलमध्ये बघत नुसती मान हलवायचा. चष्मेवाल्याने दारातूनच खोली न्याहाळली आणि त्याचं तोंड उतरलं.

“हे काय आहे?”

“कपडे धुवायचं मशीन,” मी म्हणाले. दाराशेजारीच ठेवलंय, कारण नळ तिथे आहे.

“हे हलवावं लागेल. तो फ्रिजही. आणि भिंती...” गेल्याच महिन्यात आम्ही रंग दिला होता. तो रंगाकडे हताशपणे बघत राहिला. “जाऊ दे, भिंतींचं आता काही होणार नाही.”

“हलवायचं कशाला?” सासूबाईंनी विचारलं.

“आजी, साहेब सामान्य घरात येताहेत ना. बघणाऱ्याला ते पटलं पाहिजे.”

माझं डोकंच फिरलं. आम्ही काटकसर करून एकेक वस्तू जोडायची, आणि मतं मागायला येणाऱ्यांनी ती झाकून ठेवायची. यांच्या डोक्यातला सामान्य माणूस कधीकाळी जिथे उभा होता तिथेच अजून उभा आहे, हात पसरून. आमचा हात खाली आलाय हे बघायला यांच्यातलं कुणी जिना चढलंच नाही.

आणि मशीन तरी कुणाचं? सासूबाईंनी हॉस्पिटलच्या लाँड्रीत जन्म काढला. चादरी पिळून पिळून बोटं वाकडी झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एकच वस्तू घेतली, ती ही. मशीन फिरायला लागलं की त्या खुर्ची ओढून समोर बसतात, लोक टीव्हीसमोर बसतात तशा.

“आई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे,” नवरा म्हणाला. “शेजाऱ्यांकडे ठेवू. संध्याकाळी परत जागेवर.”

“तुला ते पद हवंय?”

“हवंय गं.” त्याने आडपडदा ठेवला नाही.

सासूबाई खुर्चीत टेकल्या. मला वाटलं, विरघळल्या. ते तिघं हमाल आणायला खाली गेले आणि या उठल्या. घरातले झाडून सगळे मळके कपडे मशीनमध्ये कोंबले. वर नवऱ्याचा इस्त्री करून टांगलेला पांढरा शर्टही. बटण दाबलं.

“अहो आई, तो धुतलेला होता.”

“आणखी स्वच्छ होईल.”

हमाल आला तोवर मशीनने पोटभर पाणी घेतलं होतं आणि दार आतून लॉक झालं होतं. हमालाने एकदा हलवून बघितलं, चष्मेवाल्याकडे बघितलं आणि सरळ जिना उतरला. चष्मेवाल्याने आमचीच एक चादर ओढून मशीनवर टाकली. चादर थरथरायला लागली. तेवढ्यात खाली गाड्या थांबल्या.

साहेब आले. नवरा बाही उसवलेल्या टी-शर्टात हात जोडून उभा. साहेब सासूबाईंच्या शेजारी बसले. “आई, आमची सत्ता आली की घरोघरी नळ देणार.”

“नळ आहे की. तुमच्याच पक्षाने दिला, हा लेक माझ्या मांडीवर होता तेव्हा. म्हणून तर आजवर मत तुम्हाला.”

साहेबांनी चष्मेवाल्याकडे बघितलं. चष्मेवाला छताकडे. आणि चादरीखालून मशीन टूं टूं करायला लागलं.

“काय वाजतंय?”

सासूबाईंनी चादर ओढली. “पहिलं पाणी सोडलं त्याने, आता दुसरं मिळेना. नळाला दाब नाही हो तिसऱ्या मजल्यावर. करंगळीएवढी धार येते. तुम्ही अजून नळच देताय. आम्ही दाबाची वाट बघतोय.”

“मग काय करता?”

सासूबाईंनी त्यांच्या हातात मग दिला. “त्या पिंपातलं पाणी घ्या, आणि या पावडरच्या खणात ओता. बेताने.”

आता भडकणार, असं मला वाटलं. पण साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि ओतायला लागले. निम्मं पाणी स्वतःच्या पायांवर. मशीन पुन्हा फिरायला लागलं, तसा त्यांचा चेहरा उजळला.

“आमच्याकडे हे कोण करतं, मला माहीतच नाही.”

“घरी विचारा एकदा,” सासूबाई म्हणाल्या.

याचा फोटो मात्र निघाला नाही. चष्मेवाल्याने फोटोवाल्याचा हात धरून ठेवला होता.

दुपारी आम्ही कपडे वाळत घालत होतो तेव्हा नवऱ्याला फोन आला. त्याने ऐकून घेतलं, फोन खिशात टाकला.

“पद एका पेट्रोल पंपाच्या मालकाला दिलं. आपल्या घरात म्हणे सामान्यपणा कमी पडला.”

मग सासूबाई हसायला लागल्या, इतक्या की त्यांना ठसका लागला. पाठ चोळता चोळता नवराही हसायला लागला. कितीतरी दिवसांनी मी त्याला असं मोकळं हसताना बघितलं.

“आता मत देणार का यांना?” मी सासूबाईंना विचारलं.

“पिंप भरायची वेळ आली नाही तर देईन.”

नवऱ्याने बादलीतून त्याचा पांढरा शर्ट काढला. लेकीच्या लाल मोज्यांनी त्याला छान गुलाबी करून सोडलं होतं. त्याने तो झटकला, तारेवर टाकला.

“हा वाळला की वरच्या मजल्यांवर जाऊन येतो,” तो म्हणाला. “दाब कुणाकुणाला येत नाही ते विचारतो. पाणी खात्यात सगळे मिळूनच जाऊ.”

“जा,” सासूबाई म्हणाल्या. “आधी ते चिमटे दे इकडे.”