शेंदराने कोंडलेले इंजिन

सन १९७१ च्या दसऱ्यानंतर जामखेडचे बागाईतदार रंगनाथराव यांच्या फटफटीच्या इंजिनाच्या सांध्यांतील पॅकिंग मी तीन वेळा बदलले, तथापि तेलगळती थांबली नाही. चौथ्या खेपेस ते दुकानात येऊन गरजले, "मिस्त्री, आज गळती सापडली न्हाई, तर भर बाजारात सांगीन, तुला काय बी येत न्हाई!" अशा रीतीने माझ्या दुकानाची अब्रू पणास लागली.

मी इंजिन रॉकेलने धुतले, त्यावर खडूची पूड भुरभुरली आणि ते चालू केले. पूड भिजेल तेथे दोष, हा नियम होय. परंतु येथे ती प्रत्येक सांध्याशी भिजली. याचा अर्थ, आतील हवा कोंडून तेलास बाहेर ढकलीत होती. मी इंजिनाच्या श्वासाचे छिद्र शोधले, तो त्यावर वाळलेल्या शेंदराचा जाड थर! तीन वेळा मला तो रंगच वाटला होता.

"हे काय, राव?"

"खंडेनवमीची पूजा. लोकं कुंकवाचं बोट लावत्यात, आपन सगळं इंजिन लिपलं!" ते छाती फुगवून म्हणाले.

"नाक बुजवून तुम्ही तरी किती वेळ बसाल?"

मी तारेने छिद्र मोकळे केले. पुन्हा भुरभुरलेली पूड कोरडी राहिली. परंतु श्रीमंताच्या मूर्खपणास लाज कोठून असणार? त्यांनी बाजारात गाडी थांबवून सर्वांस ऐकविले, "चौथ्यांदा का व्हईना, मिस्त्रीला पॅकिंग बसवता आलं!"

दुकान वाचले, म्हणून मी त्या मूढास नमस्कार केला.