पाच पानांचा पक्षी

वर्षातून एकदा, सप्टेंबरातल्या पहिल्या शनिवारी, मी आमच्या गावच्या सांस्कृतिक भवनात टेबल टाकून बसतो आणि लोकांची तोंडं पाडतो. लोक रांग लावून घरातल्या जुन्या सुरया, बरण्या, रंगीत ताटं घेऊन येतात. मी वस्तू उलटी करतो, टिचकी मारतो आणि कागदावर लिहून देतो, अस्सल किंवा नकली. खाली सही, बराट व्हेंडेल, संग्राहक. दहातल्या नऊ नकलीच निघतात. हे सांगताना मला फार वाईट वाटतं असं माझी बायको सगळ्यांना सांगते. खोटं आहे ते. मला मजा येते.

शेजारच्या दालनात त्या दिवशी माझा संग्रह मांडलेला असतो. त्यातली सात ताटं बघायला बुडापेस्टहून माणसं येतात. तिसा नदीकाठच्या कुणा कुंभारानं दीडशे वर्षांपूर्वी रंगवलेली ती. प्रत्येकावर एक पक्षी, चोचीत डहाळी. पहिल्या ताटावर डहाळीला एक पान, दुसऱ्यावर दोन, असं आठपर्यंत. माझ्याकडं पाचवं नाही. वडिलांकडून मला सातच मिळाली. चौथ्या आणि सहाव्याच्या मधे मी नुसता खिळा ठोकून ठेवलाय. त्या खिळ्यापायी मी तीस वर्षं गावं पालथी घातली, ओळख नसलेल्या म्हाताऱ्यांच्या मयतांना जाऊन बसलो, पण पाचवं ताट काही मिळालं नाही.

यंदा रांगेत अकरावी होती कोचिश एटेल. वरच्या आळीतली, साठीला टेकलेली, कोंबड्या विकणारी बाई. माझं तिच्याशी आयुष्यात कधी बोलणं झालेलं नव्हतं, कारण ती मला बघून रस्ता ओलांडायची. तिनं पदराखालून काढावं तसं झग्याच्या घोळातून एक ताट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

पक्षी. डहाळी. पाच पानं.

माझे कान तापले. शेपटीचा तो हिरवा फटकारा, पंखावरचे तीन ठिपके, दुसऱ्या कुणाचा हात असणं शक्यच नव्हतं. ताटाला मधोमध तडा होता आणि मागून तो फिरत्या कारागिराकडून तारेनं शिवून घेतला होता. ताटाच्या मधल्या भागावर मात्र ओरखडेच ओरखडे.

माझी पद्धत ठरलेली आहे. हवी ती वस्तू समोर आली की आधी तिची अब्रू घ्यायची.

"वा!" मी रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो. "माझा रिकामा खिळा बघून कुणीतरी बरोबर पाचवं पान उगवून दिलं की हो! कुणाकडून करून आणलंत, बाई?"

मागं दोघंतिघं हसले.

"आजीच्या लग्नातलं आहे," एटेल म्हणाली.

"हे भिंतीवरचं ताट. पाहुण्यांच्या खोलीत टांगायचं. यात कुणी जेवत नाही, अख्ख्या तिसाकाठी नाही. मग हे ओरखडे कसले? जुनं दिसावं म्हणून खरवडलंय. अहो, फसवायचं तर जरा अक्कल वापरून फसवावं माणसानं. पाचशे फोरिंट देतो. कोंबड्यांना पाणी ठेवण्यापेक्षा बरं."

माझ्या शेजारी शिक्का घेऊन बसलेली भवनाची व्यवस्थापक क्लोटिल्ड खाली बघायला लागली. एटेल मात्र माझ्याकडंच बघत होती.

"चमच्याचे आहेत ते," ती म्हणाली. "पत्र्याच्या. पाच चमचे होते."

"बरं. पुढचे या."

"पुढचे थांबतील. एकोणीसशे एक्कावन्नच्या हिवाळ्यात सरकारनं माझ्या बापाचं नाव बड्या शेतकऱ्यांच्या यादीत घातलं, म्हणजे घरातलं सगळं जप्त. अकरा एकरांचा बडा शेतकरी! चौघं आले. पोटमाळ्यावरचा दाणा न दाणा झाडून नेला, चूल सोडून स्वयंपाकघर नेलं. तुझा बाप अम्ब्रुश सगळ्यांत पुढं होता. भिंतीवरची ताटं त्यानं स्वतःच्या हातानं उतरवली. सरकारला रे कशाला हवे होते पक्षी? हे तडकलेलं, म्हणून ठेवलं. मग वसंतापर्यंत आम्ही पाच भावंडं यातच मक्याचा घाटा खाल्ला. दुसरं भांडंच नव्हतं. तळाचा खरवडून खाल्ला, व्हेंडेल. त्याचे ओरखडे."

रांगेत आता कुणी हसत नव्हतं.

"माझ्या वडिलांनी ती ताटं जत्रेत विकत घेतली," मी म्हणालो.

"कुठल्या जत्रेत?"

तीस वर्षं मी 'जत्रेत' एवढंच सांगत आलो होतो. कुठल्या, हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही वडिलांना विचारलं नव्हतं.

एटेलनं ताट उलटं केलं. मागच्या कडेला चुन्याचे थर साचले होते, निळसर. "माझी आई चुन्यात नीळ घालायची. वरच्या आळीत असं घर एकच. आणि आळशी इतकी, की ताटं उतरवायची नाही, कडेकडेनं कुंचा फिरवायची. तुझ्या सातांच्या मागं कुठला रंग आहे रे?"

"पांढरा."

मी इतक्या पटकन म्हणालो की मलाच नवल वाटलं. आमच्या घरच्या भिंती कायम पांढऱ्याच होत्या. पण त्या सात ताटांच्या मागची निळी कड मी हजारदा पाहिली होती आणि हजारदा ताट पुन्हा टांगलं होतं.

"मी एक काढून आणते," क्लोटिल्ड उठली. "दोन मिनिटांचं काम. बघून टाकू."

"हात लावायचा नाही!" मी ओरडलो. खुर्ची मागं पडली. "त्यांचा विमा आहे!"

क्लोटिल्ड उभ्याची उभी राहिली. सगळी रांग माझ्याकडं बघत होती. माझ्याच गावातली माणसं, आणि मला त्या क्षणी एकूण एकाचा राग आला.

"राहू दे, पोरी," एटेल म्हणाली. "मला नकोत ती सात. ह्याच्या घरात राहिलेली ताटं मी माझ्या भिंतीवर टांगणार नाही. मला फक्त कागद हवाय. सगळ्यांदेखत मला लबाड म्हणालास ना? आता सगळ्यांदेखत लिही. काय आहे ते लिही."

मी पेन उचललं. अस्सल लिहिलं तर ओरखडे खरे, नीळ खरी, आणि शेजारच्या दालनातली भिंत चोरीची. नकली लिहिलं तर हे ताट माझ्या खिळ्यावर कधीच येणार नाही, कारण ते मी माझ्याच सहीनं बाद केलेलं असेल. तीस वर्षं ज्यासाठी घालवली ते हातभर अंतरावर होतं. पक्ष्याचा डोळा माझ्याकडं होता. मला ते ताट हवं होतं.

मी 'नकली' लिहिलं.

क्लोटिल्डनं शिक्का मारला नाही. तो माझ्यापुढं सरकवून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग मीच मारला.

एटेलनं कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. त्याची घडी घातली, ताट झग्याच्या घोळात गुंडाळलं.

"तुझ्या बापानंही याला कचराच म्हटलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर हे आमच्याकडं राहिलं."